वाळवंटातला गोठलेला थर

दोन माणसं, एक जीप आणि एक ड्रिलिंग मशीन वाळवंटात महिनाभर सोडलं, की भांडणं तरी होतात नाहीतर किस्से तरी. आमच्यात दोन्ही झालं. भांडणं विसरलो, किस्से राहिले.

आखाती युद्धाचे दिवस. आमचं ऑफिस रियाधला, अल मलाझमध्ये. उत्तरेच्या ओसाड भागात विजेचे खांब आणि टेलिफोनचे टॉवर उभे राहायचे होते, तिथली जमीन आम्ही तपासायचो. ड्रिलिंगवर रत्नागिरीकडचे परकारभाई, नोंदी लिहायला मी. भाईंच्या मुलीचा निकाह ठरलेला आणि पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाच्या, कपाटात. मॅनेजरचं एकच, "आधी रिपोर्ट मंजूर, मग सुट्टी."

*

चेकपोस्टवरच्या एका सैनिकाने आमचं काम पाहिलं. "खंदक खणताय? आमच्यासाठीही दोन खणा."

भाईंनी त्याला चार इंचाचं भोक दाखवलं. "खणतो. तुमच्यातला सगळ्यात बारीक माणूस घेऊन या."

*

रियाधवर क्षेपणास्त्रं येऊ लागली तेव्हा कंपनीने गॅस मास्क वाटले, तेही ग्रेडप्रमाणे. आमच्या ग्रेडपर्यंत येता येता संपले. मग नोटीस लागली: "सायरन होताच मास्क घालावा. मास्क नसलेल्यांनी शांत राहावे."

भाई म्हणाले, "शांतच हाय आमी. श्वास घ्यायचा की नाय, तेवढं विचारून ये."

*

आमचे कन्सल्टंट अशा देशातले, जिथली जमीन बारा महिने गोठलेली. फॉर्म तिकडचेच. त्यात एक रकाना होता: "गोठलेला थर किती खोलीवर लागला?"

मी लिहिलं, "नाही." रिपोर्ट परत. रकान्यात आकडा हवा होता.

मी शून्य लिहिलं. पुन्हा परत. सोबत पत्र: "शून्य खोलीवर, म्हणजे बर्फ थेट पृष्ठभागावर आहे. गंभीर बाब. फोटो पाठवा."

निकाहाला तीन आठवडे उरले होते. माझ्या एका शून्यापायी भाईंची सुट्टी अडकली, याची मला फार लाज वाटत होती. भाईंनी बकाल्यातून, म्हणजे तिथल्या किराणा दुकानातून, बर्फाची लादी आणली, वाळूवर ठेवली, शेजारी टेप धरली आणि म्हणाले, "काढ फोटो. लवकर."

रिपोर्ट मंजूर झाला. तोवर युद्ध थांबून विमानंही सुरू झाली होती. मॅनेजरने ऑर्डर वाचून दाखवली: "बर्फ वितळेपर्यंत साइटचे काम बंद. तोपर्यंत ड्रिलर परकार यांना रजा. वितळल्याचे क्लार्कने कळवावे."

क्लार्क म्हणजे मी. एअरपोर्टवर भाईंनी मला मिठी मारली आणि कानाशी म्हणाले, "पोरीचा निकाह झाला की मना थोडं घराचं छप्परपन बघायचंय. तू रोज जाऊन नीट तपासत जा."