वामनचा हातगुण

शिबिराहून परतताना औषधाच्या बाटल्या रिकाम्या असतात, पण किस्से इतके साठतात की बैलगाडीत मावू नयेत! चाळीस सालाच्या आसपास मी आणि माझा दोस्त वामन, दोघेही नवे डॉक्टर, सुट्टी लागली की मुंबईहून शहापूर-मुरबाडकडे हिवतापाची औषधं द्यायला जायचो. वर्ग एक, डिग्री एक. पण लोक म्हणायचे, हातगुण वामनला आहे. मी नुसता जळायचो.

*

शहापूरला शाळेत आमची दोन टेबलं. त्याच्यापुढे दारापर्यंत रांग, माझ्यापुढे माश्या! शेवटी एका शेतकऱ्याला मीच हाक मारली, "इकडे या, इथं गर्दी नाही."

"म्हून तर नाय येत, डाक्टर!"

*

शेणव्याला मी सगळ्यांदेखत एकाच बरणीतून दोघांच्या बाटल्या भरल्या. "बघा, औषध एकच!"

रांगेतली एक बाई माझी समजूत घालत म्हणाली, "आवशद तेच हाय रे दादा, पन हात त्यांचा हाय ना!"

वामन मान खाली घालून हसत होता. असा संताप आला म्हणता!

*

मुरबाडला तर कहरच. एका बाप्याची दाढ मी उपटली, घामाघूम झालो. तो गाल धरून उठला आणि थेट वामनच्या पाया पडला. "तुमी हितं व्हते, म्हून निघाली!"

*

टोकावड्याला मात्र देव पावला. मंजुळाआजी म्हणून एक म्हातारी आपण होऊन माझ्या टेबलाशी आली, क्विनाईन घेऊन गेली. दोन दिवसांनी ताप उतरल्याचं सांगायला आली. "मला तुजाच गुन आला रे!" जेवताना हे वाक्य मी वामनला तीनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी ती तापलेल्या नातवाला घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. नेमकी तेव्हाच मला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. हिवतापच! माझ्याच बाटलीतलं क्विनाईन पेल्यात ओतलं, तोंडाशी नेलं आणि थांबलो. मग तसाच उठून पेला घेऊन वामनकडे गेलो.

"तू पाज रे."

"अरे, औषध तुझं, तूच घे की!"

"नको. तुझ्या हातानं दे."

त्यानं पाजलं. तोंड पुसत मी वळलो, तर माझ्या टेबलापुढे कोणी नव्हतं. आजी नातवाचं बोट धरून वामनच्या रांगेत उभी होती.