शेंदराचे ठिपके

मोटार घाट उतरून थांबली की मिस्त्री आधी खाली उतरायचा आणि चारही चाकांवर एकेक करून तळहात ठेवायचा. डोळे मिटून, मान जराशी तिरपी करून, आई तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवते तसा. मग मला हाक मारायचा. "ये इकडे, हात ठेवून पाह्य. डाव्या अंगाचं मागचं चाक तापलं. सारा जोर त्याच्यावरच पडून राह्यला." मी हात ठेवायचो आणि चटका बसला की मागे घ्यायचो. त्याला चटका बसलेला मी कधी पाहिला नाही.

असा एखादा मिस्त्री तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्याबद्दल चांगलं लिहावं म्हणून मी बसलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. लिहिता लिहिता चांगलं आलंच, तर त्याला माझा इलाज नाही.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी भाड्याची मोटार चालवायचो. चिखलीहून बुलढाणा, तिथून राजूर घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूरचं स्टेशन, आणि परत. मोटार विलायती, लढाईच्या आधीची. कायद्याने तिच्यात पाच माणसं बसायची आणि प्रत्यक्षात आठ. मिस्त्रीचं गॅरेज चिखलीत, बाजाराच्या वाटेवर एका टिनाच्या छपराखाली होतं. माझ्याहून तो दहा-बारा वर्षांनी मोठा, त्यामुळे मला 'अरे-तुरे' करायचा आणि मी त्याला 'मिस्त्री' म्हणायचो. सारं गावच म्हणायचं. त्याचं खरं नाव काय, हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

कोणताही नट कसून झाला की तो काडेपेटीच्या काडीने त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा ठिपका द्यायचा. अर्धा ठिपका नटावर, अर्धा बोल्टवर. नट हलला की ठिपका तुटतो आणि नुसतं वाकून पाहिलं तरी कळतं. ही झाली कामाची बाजू. पण त्याच्या लेखी त्या ठिपक्याचा अर्थ मोठा होता. "ठिपका देला म्हंजे मी जिम्मेदार," असं तो म्हणायचा. ठिपका दिलेल्या कामात काही बिघडलं, तर अर्ध्या जेवणावरून उठून यायचा. मिस्त्रीकडून आणलेली मोटार मारुतीच्या देवळातून आणल्यासारखी दिसते, अशी लोक चेष्टा करायचे. तो म्हणायचा, "मंग नारळ फोडा."

त्याचं दुसरं ठरलेलं बोलणं म्हणजे "मी आहो ना." एकदा अमडापूरच्या अलीकडे माझ्या मोटारीच्या मागच्या चाकाची दांडी मोडली. आत नवरी बसलेली, मुहूर्त जवळ आलेला, नवरीचा मामा माझ्यावर डोळे वटारून उभा. निरोप गेला आणि दोन तासांनी मिस्त्री सायकलवर आला, नवी दांडी सायकलच्या नळीला बांधून. नवरी रडत होती. तिला म्हणाला, "रडू नोको बाई. मी आहो ना." जसं काही लग्न त्याच्याशीच लागायचं होतं. नवरीसुद्धा हसली. त्या मांडवात पहिलं ताट मिस्त्रीला वाढलं गेलं आणि काळ्या हातांनी तो पोटभर जेवला.

तर त्या साली माझ्या मोटारीचे ब्रेक झिजले. ते जुन्या पद्धतीचे, सळईचे होते. पेडल दाबलं की मोटारीखालच्या लोखंडी सळया ओढल्या जायच्या आणि चाकाच्या आत लायनर घासून चाक थांबायचं. नव्या गाड्यांना तोवर तेलाचे ब्रेक आले होते. नळीतलं तेल चारही चाकांवर सारखा दाब टाकतं आणि हलक्या पायाने गाडी थांबते. आता आहेत त्याच ब्रेकना नवे लायनर ठोकून घ्यायचे, की सळया काढून तेलाचे ब्रेक बसवायचे, एवढंच ठरवायचं होतं.

खरं तर ते ठरलेलंच होतं. सहा महिने मिस्त्रीच माझ्या मागे लागला होता. "या सळईवर राजूरचा घाट उतरनं म्हंजे जीव मुठीत धरून चालनं आहे," म्हणायचा. मोडीत निघालेल्या एका जीपचे तेलाचे ब्रेक त्यानेच खामगावच्या भंगारातून हुडकून आणले. रॉकेलमध्ये धुऊन, घासून, पोत्यावर मांडून मला दाखवले. "हे तुह्यासाठी." ड्रमवर, म्हणजे ब्रेक ज्यात बसतो त्या लोखंडी डब्यावर, जीपचा हिरवा रंग अजून शिल्लक होता. माझी बायको बाजाराला निघाली होती, तीही थांबून पाहून गेली. मी घाटात असलो की तिला घास जात नसे. त्या नळ्यांना हळदकुंकू लावायचंच तिने बाकी ठेवलं होतं.

पंधरा दिवसांनी मी मोटार घेऊन गेलो, तर मिस्त्री म्हणाला, "सळईच राहू दे. नवे लायनर ठोकून देतो."

"काऊन? तुमीच त म्हनत होते."

"सेट सडेल निघाला. आतून गंज आहे. तेलाची नळी कधी फुटन सांगता येत नाई, अन् फुटली त पाय सरका जमिनीले लागते. सळई आधी कुरकुर त करते. कंपनीनं जे देलं तेच बरं."

"घाटात भागन ना?"

त्याने माझ्याकडे न पाहता पान्हा उचलला. "मी आहो ना."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "त्या दिशी सोन्यासारखा होता अन् आज सडला? लोखंड काय मेथीची भाजी आहे, दोन दिसात सडाले?" मी तिला गप्प बसवलं. मिस्त्री खोटं बोलत नाही, असं ठासून सांगितलं. ते वाक्य तिने मला पुढे कधी ऐकवलं नाही, हे तिचे उपकार.

मोटार आणायला गेलो तेव्हा सवयीने वाकून पाहिलं. एकाही नटावर ठिपका नव्हता.

"शेंदूर संपला," तो म्हणाला.

"मारुतीकडून उसना आनू का?"

तो हसला नाही. त्याची तब्येत बरी नसेल, असं मला वाटलं.

त्यानंतर दर शनिवारी मिस्त्री माझ्या मोटारीने मलकापूरला यायला लागला. त्याची लेक तिथे दिलेली होती. तीन-चार महिने माहेरी राहून ती नुकतीच सासरी परतली होती. अंगात कसर होती म्हणून आली होती, असं त्याने तेव्हा सांगितलं होतं. तो पुढे माझ्या बाजूला बसायचा आणि मांडीवर बाभळीचा ठोकळा धरायचा, उतारावर चाकाखाली लावतात तसला. "लेकीच्या घरी लोक खाऊ नेतात, तुमी लाकूड नेऊन राह्यले," मी म्हणायचो. वळण आलं की त्याचाही पाय खालच्या फळीवर दाबला जायचा. खाली उतरलो की चाकांवर हात. गावात शिरलो की गल्लीच्या कोपऱ्यावरच थांबवायचा. "येथीच सोड, मी जातो पायी." माझा वेळ वाचावा म्हणून करतो, असं मी धरून चालायचो. हा माणूस आपल्यावर केवढा जीव लावतो, असंही वाटायचं. आज ते आठवलं की माझीच मला चीड येते.

कापसाचे दिवस होते. त्या शनिवारी मोटारीत आठ माणसं, टपावर दोन ट्रंका. घाटातल्या शेवटून दुसऱ्या वळणावर समोर कापसाची बैलगाडी आडवी झाली होती. मी पेडल दाबलं. जळका वास आला. आणखी दाबलं, दोन्ही पायांनी दाबलं. मोटार हळू झाली, पण थांबेना. डाव्या हाताला दरी. मागे बसलेल्या एका म्हातारीने माझी मान धरली. तेवढ्यात बाजूचं दार उघडलं, मिस्त्रीने खाली उडी टाकली आणि धावत जाऊन मागच्या चाकाखाली ठोकळा सारला. मोटार बैलगाडीपासून हातभर अंतरावर थांबली.

ठोकळ्यासोबत त्याचा उजवा हातही चाकाखाली गेला होता. दोन बोटं चेचली. त्याने दुपट्ट्यात ती गुंडाळली आणि मला म्हणाला, "घाबरू नोको. मी आहो ना." मी सगळ्यांदेखत त्याचे पाय धरले. ती म्हातारी त्याची अलाबला घेत होती.

उरलेला घाट पहिल्या गिअरमध्ये, बैलाच्या चालीने उतरलो. मलकापुरात डॉक्टरकडून पट्टी करून घेतली. कोपऱ्यावर सोड म्हणाला, पण त्या दिवशी मी कुठला ऐकतो. त्याला धरून थेट लेकीच्या दारात नेलं.

अंगणात जावयाची मोटार उभी होती, माझ्याच जातीची, जुनी विलायती. पंक्चर काढायला तिचं एक चाक उतरवलेलं होतं आणि जावई ट्यूब घेऊन दुकानात गेला होता. आत ड्रम दिसत होता, कडेला हिरवा रंग असलेला. त्याच्यामागून तेलाची नळी आली होती. आणि एकूण एक नटावर शेंदराचा ठिपका होता, अर्धा नटावर, अर्धा बोल्टवर.

जावई ती मोटार मलकापूर ते संग्रामपूर चालवायचा. तो रस्ता तुम्ही पाहिला असेल तर ठाऊक असेल, पोळपाटासारखा सपाट आहे. त्यावर घाट तर सोडाच, धड चढही नाही.

लेकीने ओसरीवर पाणी आणून ठेवलं. ती आत जाईपर्यंत मी थांबलो.

"सेट सडेल होता ना, मिस्त्री?"

तो हातावरच्या पट्टीकडे पाहत राहिला. "नाई. चांगला होता."

मग हळू आवाजात सांगितलं. जावयाने लेकीला धाडून दिलं होतं. तुझा बाप मिस्त्री आहे, माझ्या मोटारीला तेलाचे ब्रेक बसवून दे म्हणावं, मगच नेईन, म्हणून. चार महिने ती घरात तोंड लपवून बसली होती.

"मले सांगतलं असतं त मीच देलं असतं," मी म्हणालो. "माह्या हातानं देलं असतं."

"हाव, देलं असतं. अन् काऊन देलं, हे घरी सांगतलं असतं. चिखलीत साऱ्याईले माहीत झालं असतं का मिस्त्रीची लेक नवऱ्यानं टाकली होती."

"अन् मी रोज घाट उतरलो. लोक घेऊन."

"मी बसत होतो ना तुह्या बाजूले."

"आठवड्यातून एक दिस, मिस्त्री."

मी पाणी न पिता उठलो.

त्याने ते ब्रेक लेकीसाठी दिले, याचा मला राग नाही. मी बाप असतो तर मीही दिले असते. माझं तोंड बंद राहील एवढा भरवसा त्याने माझ्यावर ठेवला नाही, आणि त्याच्या एका शब्दावर मी मात्र आठ-आठ माणसं घेऊन रोज दरीच्या काठाने जात होतो, याचा राग आहे. झोपेत पाकीट मारलं गेलं असतं तर एवढं लागलं नसतं. आणि त्याच दिवशी मी त्याचे पाय धरले होते.

मी बुलढाण्याच्या दुसऱ्या गॅरेजला जायला लागलो. दर शनिवारी मिस्त्री ठोकळा घेऊन स्टँडवर उभा राहायचा. मी बाजूच्या सीटवर दुसरा उतारू बसवून निघून जायचो. तीन-चार शनिवार तो आला, मग यायचा थांबला.

पुढच्या उन्हाळ्यात मला तेलाचे ब्रेक मिळाले. बुलढाण्याच्या मिस्त्रीने बसवून दिले. चार दिवसांनी चिखलीच्या स्टँडवर मोटार लावून मी समोरच्या हॉटेलात चहा पीत होतो, तर मोटारीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. मी जाऊन पाहिलं. मिस्त्री आडवा पडून, डाव्या हातात काडी धरून एकेका नटावर शेंदराचा ठिपका देत होता. दुसऱ्याने केलेल्या कामावर. उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली होती.

डिक्कीतून रॉकेलचा बोळा काढला, खाली शिरलो आणि त्याच्यादेखत एकेक ठिपका पुसून टाकला. तो बाजूला उभा राहून पाहत होता. सगळे पुसून झाल्यावर त्याने शेंदराची डबी खिशात टाकली.

"मागच्या उजव्या चाकाचा एक नट ढिला होता," तो म्हणाला. "कसला आहे."

आणि गेला. मी पुन्हा वाकून हात लावून पाहिला. बाकीच्या नटांपेक्षा तो एक घट्ट होता.

दोन वर्षांनी मिस्त्री वारला. मी मातीला गेलो नाही. बायको गेली होती.

मोटार विकेपर्यंत मी त्याच घाटातून गेलो. उतरून झालं की खाली उतरायचो आणि चारही चाकांवर एकेक करून तळहात ठेवायचो. एवढा घाट उतरूनही चाकं कोमटच असायची, चारही सारखी. तेलाच्या ब्रेकने असंच होणार, हे मिस्त्रीला आधीच ठाऊक होतं, हे मला दर वेळी नव्याने कळायचं.