एका ओळीतले बाक

आमच्या कॉलनीच्या शॉपिंग सेंटरपुढं दोन दगडी कट्टे होते. समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. दुकानदारांच्या समितीत शिकलेला मी एकटाच, असं माझं मत होतं. त्यामुळं सुशोभीकरण माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच घालून घेतलं. कट्टे पाडले आणि स्टीलचे चार बाक एका ओळीत, पार्किंगकडं तोंड करून बसवले. चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांचे पाय काँक्रीटमध्ये गाडले. नारळ मीच फोडला, भाषणही मीच ठोकलं. आता हे बाक कुणाच्या बापाला हलणार नाहीत, असं त्यात म्हणालो.

माझे आबा रोज संध्याकाळी त्या कट्ट्यावर असायचे. आई गेल्यापासून घरात बोलणं जेवणापुरतं, बाकीचं सगळं कट्ट्यावर, तिघा दोस्तांजवळ. त्यांना ऐकू कमी येतं. समोरच्याच्या ओठांवरून अर्धं ओळखतात. हे मला ठाऊक होतं. मीही त्यांच्याशी समोर उभा राहूनच बोलतो. पण बाकांचा नकाशा काढताना माझ्या डोक्यात विमानतळ होता.

चौघं ओळीत बसले तेव्हा सलूनवाला दारातनं म्हणाला, "काय पावणं, एसटी चुकली व्हय?" मी हसलो. आबांना ऐकूच गेलं नव्हतं. आठवड्याभरात त्यांनी जाणं सोडलं. गुडघा दुखतोय म्हणाले. मी मलम आणून दिलं.

पुढं दोस्तांतला एक लेकाकडं पुण्याला गेला, एक अंथरुणाला खिळला. तिसरा मला रस्त्यात भेटला नि ओळीत बसलं की आबांना ओठ दिसत नाहीत, ऐकूही येत नाही, असं सांगितलं, जसं काही मला नवीनच. मग वेल्डरला बोलावून दोन बाक कापून घेतले आणि समोरासमोर बसवले. समितीला कारण सांगितलं: हवा खेळती राहते.

आबांना हाताला धरून नेलं. तिसरा दोस्त त्या दिवशी आला नाही. आबा एका बाकावर बसले, मी समोरच्यावर. गाड्या लागत होत्या, निघत होत्या. मला काहीच वाटत नव्हतं, ना बरं ना वाईट.

आबा म्हणाले, "तोंड दिसतंय की आता तुझं. बोल काय तर."

मी तोंड उघडलं. ते ओठांकडं बघत राहिले. जेवायला काय करायचं, एवढंच मला विचारता आलं.