डाव्या बोटाची सवय

आमच्या भावोजींनी आयुष्यात मन लावून वाचलेली एकच गोष्ट म्हणजे त्यांचं स्वतःचं मत. ते त्यांनी सात वर्षांपूर्वी लिहिलं. अजूनही जेवण झालं की चष्मा चढवून फोनवर ते एकदा वाचतात, खाली किती अंगठे वाढले ते बघतात, आणि मगच पाणी पितात.

मत त्यांच्या गाडीबद्दल आहे. चार दारं, मागे भली मोठी डिकी, म्हणायला कुटुंबाची गाडी. पण बसकी, रुंद टायरांची, आणि चालवणाऱ्याला आपण शर्यतीत उतरलोय असं वाटावं अशा बेताने बनवलेली. घेताना ते ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला म्हणाले होते, "तुझ्यासाठीच घेतोय हो. मागे ऐसपैस बस." ताईची कंबर तेव्हापासून धरलेली आहे. आत बसायचं तर आधी जमिनीला टेकल्यासारखं खाली जायचं, मग एकेक पाय ओढून घ्यायचा. उतरताना चौकट धरून स्वतःला विहिरीतून शेंदून काढायचं. भावोजी बाहेर उभे राहून म्हणतात, "दार जपून."

भावोजी विम्याचे सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि चूक कोणाची ते लिहायचं. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करतात आणि नुसत्या आवाजावरून सांगतात, हा भाग आधी एकदा ठोकून सरळ केलेला आहे. ही विद्या त्यांना आहे, माझ्या तोंडून एवढं कौतुक त्यांनी घ्यावं. पण अठ्ठावीस वर्षं 'चालवणाऱ्याची चूक' हे दोन शब्द लिहून लिहून ते त्यांच्या हाडीमाशी मुरलेत. दूध उतू गेलं, चालवणाऱ्याची चूक. गिझर बिघडला, चालवणाऱ्याची चूक. घरात चालवणारी एकच, तेव्हा शोधाशोध करावी लागत नाही.

या गाडीच्या मालकांचा फोनवर एक गट आहे आणि भावोजी त्याचे कुलगुरू. तिथली मतं ताई मला अधूनमधून वाचून दाखवायची. दात काढणारे एक डॉक्टर लिहितात, "स्टीअरिंग हाताशी बोलतं." (त्यांच्या पेशंटांना बोलता येत नाही, तेव्हा कोणीतरी बोलायला हवंच.) एक निवृत्त बँडमास्तर लिहितात, "इंजिनाचा सूर चार हजारांवर लागतो." कोणा बिचाऱ्या नव्या मालकाने लिहिलं की मागच्या सीटवर आईला फार हादरे बसतात. त्यावर भावोजींचं उत्तर होतं, "ज्यांना झोके हवेत त्यांनी पाळणा घ्यावा." त्याला एकशे बारा अंगठे. तो माणूस पुन्हा काही बोलल्याचं ऐकिवात नाही.

आणि भावोजींच्या त्या मूळ मतातलं शेवटचं वाक्य मला तोंडपाठ आहे: "सहा वर्षांत या गाडीने मला एकदाही तक्रारीला जागा दिलेली नाही." दर वर्षी ते त्यातला आकडा तेवढा बदलतात.

आता माझ्या भाचीचं. आम्ही तिला ठमी म्हणतो. ती फिजिओथेरपी शिकली. एका हॉस्पिटलने तिला घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेण्याचं काम देऊ केलं. व्हॅन हॉस्पिटलची, पण चालवायची स्वतः. होय की नाही ते एका सोमवारपर्यंत कळवायचं होतं. लायसन्स तिच्याकडे होतं, हात बसायचा होता. म्हणून ती बापाकडे गाडी मागायला गेली, आणि बापाने कधी नव्हे ती दिली.

बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ती वळण घेत होती. गाडी थबकली, मग एकदम पुढे झेपावली आणि खांबाला लागली. बंपरचा कोपरा चेपला. कोणाला काही झालं नाही.

भावोजी खाली आले. मुलीकडे बघितलं नाही. उकिडवे बसले, पेराने टकटक केलं, चार बाजूंनी फोटो काढले.

"बाबा, मी पाय हलकाच ठेवला होता. गाडीनेच उडी मारली."

"गाडी उडी मारत नाही, ठमे. माणूस पाय मारतो."

संध्याकाळपर्यंत फोटो गटावर गेला होता. वर ओळ: "पोटच्या पोरीलासुद्धा किल्ली देऊ नये." खाली सत्तेचाळीस उत्तरं. तिला तीनचाकी सायकल घेऊन द्या, असं एकाने लिहिलं होतं. तिच्या बापाने त्यालाही अंगठा दिला होता.

ठमी माझ्याकडे आली ती बॅग घेऊनच. दोन दिवस तिने भांडी घासली. मी नको म्हटलं तरी घासली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मावशी, मी नाही म्हणून कळवते. कोणाच्या तरी अंगावर गाडी घालायची मी."

"सोमवारला अजून चार दिवस आहेत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मला गाडी चालवता येत नाही, आणि माझ्या यजमानांचं मत असं की भावोजींच्या नादी लागू नये.

त्याच रविवारी सकाळी गटाची मीट होती. तीन महिन्यांतून एकदा हे लोक बंद असलेल्या मालगोदामाच्या आवारात गाड्या लावतात आणि एकमेकांची बॉनेटं उघडून आत बघतात. घरच्यांनाही न्यायचं असतं, कारण गाडी कुटुंबाची. ताईने फोन केला. "तू चल ना सोबतीला. एकटीने तो जाच सोसवत नाही."

मी गेले. मागच्या सीटवर ताईशेजारी बसले. भावोजी आरशातून म्हणाले, "काय मेहुणीबाई, आमची अपघातग्रस्त कशी आहे?"

"बरी आहे. आपल्या बापाने फोटो छान काढला म्हणाली."

ते हसले नाहीत. मीही नाही.

माझी एक खोड आहे. बोलणं खुंटलं की मी माणसांचे हात बघते. तर भावोजींचे हात. स्टीअरिंगच्या मागे कानासारख्या दोन पट्ट्या असतात, डावी ओढली की गिअर एकाने खाली येतो. गाडी स्वतःच गिअर बदलते, तेव्हा ती ओढायची गरज पडू नये. पण दर मंद वळणाला, दर गतिरोधकाला भावोजींचं डावं बोट ती पट्टी हळूच ओढत होतं. बोलता बोलता, आरशात बघता बघता. सात वेळा मी मोजलं.

"भावोजी, ते बोटाने काय ओढता?"

"काय? काही नाही. सवय."

ताई खिडकीबाहेर बघत सहज म्हणाली, "नाही ओढलं तर हिसका बसतो ना. गाडी अडखळते आणि उडी मारते."

"तू गप्प बस. तुला काय कळतं त्यातलं?"

मी ताईकडे बघत राहिले. तिने दारावरचा कडीसारखा दांडा हातात धरलेला होता. सहा वर्षं धरलेला असणार. तिथलं रबर तिच्या मुठीच्या आकाराचं झिजलं होतं.

"तुला माहीत होतं?" मी दबक्या आवाजात विचारलं. "आणि पोरीला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, गाड्या अशाच असतात," ताई म्हणाली.

मला तिचा राग आला, आणि तो यावा याचाही राग आला.

आवाराचं फाटक अरुंद. एका वेळी एकच गाडी, तीही जवळजवळ थांबून, वळूनच आत येणार. आम्ही पहिले पोचलो. मी उतरून फाटकापाशीच उभी राहिले. हवा चांगली होती, सगळ्यांच्या काचा खाली. एकेक गाडी आली. दातांचे डॉक्टर, डावं बोट. बँडमास्तर, डावं बोट. एक जण फोनवर बोलत, हनुवटीखाली फोन दाबून, तरी डावं बोट. अकरा गाड्या आल्या आणि अकरा डावी बोटं.

सगळे घोळका करून उभे होते आणि भावोजी त्यांना चेपलेला कोपरा दाखवत होते. "खांब जागेवरच होता. आमची कन्या..."

मी मध्येच विचारलं, "एक सांगाल का? आत वळताना तुम्ही सगळेच डाव्या बोटाने गिअर खाली का घेता?"

डॉक्टर खूश झाले. "तुमच्या लक्षात आलं? ती माझी खास युक्ती. वळणाआधी पहिल्यावर आणलं की गाडी लोण्यासारखी फिरते."

"तुमची?" बँडमास्तर म्हणाले. "अहो, मी दुसऱ्या महिन्यापासून करतोय. ठेका चुकतो गाडीचा तिथे. हाताने द्यावा लागतो."

"म्हणजे तुमचीही अडखळते?" डॉक्टरांनी विचारलं.

"अडखळते म्हणजे... आपल्याला जमतं ना सांभाळायला."

मग जो तो सांगू लागला. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच हाताला ही कला आहे. गाडी वाईट चालते हे अकरा जणांना ठाऊक होतं, आणि अकरा जणांनी ते स्वतःच्या हुशारीच्या खात्यात जमा केलं होतं. कोणी कुठे लिहिलं नाही. कोण लिहिणार? वर भावोजींचं मत होतं.

"ठमीला ही युक्ती सांगितली होती का कोणी?" मी विचारलं.

डॉक्टरांनी भावोजींकडे बघितलं. "सर्व्हेअर साहेब, एकदा बोट न लावता वळवून दाखवा बरं."

"काही गरज नाही."

"नाही नाही, दाखवाच. मेहुणीबाईंची शंका फिटेल."

सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. भावोजी बसले, बाहेर गेले, वळून फाटकाशी आले. "बोट!" सगळे ओरडले. बोट गेलंच होतं. पुन्हा. या वेळी बोट पट्टीपर्यंत पोचू नये म्हणून डॉक्टरांनी त्यांना स्टीअरिंग अगदी खालून धरायला लावलं. गाडी फाटकात आली, थबकली, श्वास घेतल्यासारखी घुटमळली, आणि उसळून पुढे आली. भावोजींनी ब्रेक दाबला तेव्हा फाटकाच्या खांबाशी वीतभर अंतर उरलं होतं. घोळका मागे सरकला होता.

भावोजी उतरले, खांब बघितला, बंपर बघितला आणि म्हणाले, "पेट्रोलमध्ये भेसळ आहे."

तेव्हा ताई पुढे झाली. अठ्ठावीस वर्षांत मी तिला चारचौघांत नवऱ्याशी बोलताना ऐकलं नव्हतं. "तो फोटो काढा गटावरून," ती म्हणाली.

"घरी बोलू."

"इथेच टाकलाय, इथेच काढा."

"तमाशा करू नकोस."

ताईने पर्स काखेत मारली आणि माझा हात धरून चालू लागली. मागून भावोजी म्हणाले, "जाणार कशाने?" आम्ही बसने गेलो. बसची सीट उंच होती. ताई एका दमात बसली आणि तेवढ्यावरून रडली.

घरी ठमीला सगळं सांगितलं. ती हसली नाही, की सुटल्यासारखीही दिसली नाही. "बाबांना माहीत होतं?" एवढंच तिने तीनदा विचारलं. आम्ही तीनदा हो म्हटलं. सोमवारी सकाळी तिने हॉस्पिटलला होय कळवलं.

भावोजींनी फोटो अजून काढलेला नाही. मतातलं शेवटचं वाक्यही तसंच आहे, फक्त सहाचे सात झाले. डॉक्टरांनी दोषाबद्दल गटावर लिहिलं तर त्यांना गाडीची कदर नाही असं ठरलं. निम्मा गट त्यांच्यामागे निघून गेला, उरलेला अंगठे दाखवतोय. भावोजी माझ्याशी बोलत नाहीत. सुख म्हणतात ते हेच असावं.

गेल्या आठवड्यात ठमीला त्याच बिल्डिंगमधल्या एका आजोबांचं काम आलं. मीही ताईकडे निघाले होते, म्हणून तिच्या व्हॅनमध्ये बसले. व्हॅन म्हणजे चाकं लावलेला पत्र्याचा डबा. ठमीने ती तळघरात उतरवली आणि त्याच खांबाच्या आणि बापाच्या गाडीच्या मध्ये, एका झटक्यात, मागे घेऊन लावली. दोन्हीकडे सारखी जागा.

भावोजी तिथेच गाडी पुसत होते. त्यांनी व्हॅनभोवती एक फेरी मारली. सवयीने पत्र्यावर टकटक केलं. कुठे काही सापडलं नाही.

"ही काय," ते म्हणाले, "ही तर कोणीही चालवेल."

"हो ना बाबा," ठमी आपली पिशवी काढत म्हणाली. "अशीच असायला हवी होती." आणि ती आजोबांकडे निघून गेली.