भट्टी वाढवा!

टेंभेवाडीच्या बहिरूच्या तोंडून उभ्या जन्मात कुणी 'संपलं', 'फुटलं' किंवा 'विझलं' ऐकलं नव्हतं. आता बांगडी फुटली की 'वाढली' आपण सगळेच म्हणतो, आणि वाणीसुद्धा फळ्या लावताना 'दुकान वाढवलं' म्हणतो. पण बहिरूनं कहर केला होता. सायकलची ट्यूब फुटली तरी ट्यूब वाढली! एकदा निफाडच्या डॉक्टरपुढं बसून हा म्हणाला, "दोन दिसांपून भूक वाढलीय." डॉक्टर म्हणाला, "मग जेव की पोटभर, माझ्याकडं कशाला आलास?"

गाव हसायचं. पण त्यामागचं कारण हसण्यासारखं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात बहिरू मायबरोबर खडी फोडायला जायचा. कामावर खायला सुकडी मिळाली तर मिळाली, नाहीतर घरात दाणा नसायचा. तसल्या दिवशी धाकटी भावंडं चुलीकडं बघत बसायची आणि माय म्हणायची, "चूल वाढलीय आज. पाणी प्या आन् निजा." विझली असं ती एकदाही म्हणाली नाही. वाढलेली चूल उद्या पेटते, विझलेलीचा काय भरवसा? तिची ही समजूत बहिरूनं तिच्यामागं गाठीला बांधून ठेवली.

दुष्काळ सरला, कालव्याला पाणी आलं आणि दोन वर्षांत गावाच्या डोक्यावर साखर कारखान्याचं धुराडं उभं राहिलं. त्याआधी टेंभेवाडीत होतं काय? मारुती, पाराखालचा न्हावी आणि चार गुऱ्हाळं. उसानं गाव पार उलटंपालटं केलं. दिवाळी झाली की नांदगावकडून, बीडकडून ऊसतोड्यांच्या बैलगाड्या यायच्या आणि माळावर पाचटाच्या कोप्यांचं दुसरं गाव वसायचं. बाजार आठवड्यातून दोनदा भरू लागला. तंबूतलं थेटर आलं. पोरांची शाळा, बायकांचं दळण, म्हाताऱ्यांचा चहा, सगळं कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं. आणि मळीचा तो वास! नाशिकचा पाहुणा नाकाला रुमाल लावायचा, तर इथला माणूस त्याला ठणकावायचा, "साखर गोड लागती ना? मग वासबी सोसा."

बहिरू कारखान्यात बॉयलरवर लागला. भट्टीत उसाचं चिपाड सारायचं, राख ओढायची, काट्यावर वाफेचा दाब बघायचा. त्यानं पहिल्याच हंगामात कायदा केला: भट्टीसमोर 'विझवा' म्हणायचं नाही. जाळ वर न्यायचा तर 'चिपाड सारा', आणि भट्टी बंद करायची तर 'भट्टी वाढवा'. आधी लोकांनी टिंगल केली, मग दहा हंगामांत सगळ्या बॉयलरखान्याच्या जिभेला तेच वळण पडलं.

दहा हंगाम झाले तरी बहिरू मात्र हंगामीच. उसाबरोबर कामावर यायचं, उसाबरोबर घरी जायचं. चौऱ्याऐंशी साली कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आहे अशी कुणकुण लागली, तेव्हा त्याची बायको ठमाबाई दोन दिवस एकटीच हसत होती. कायम झालेल्याला कारखान्याच्या कॉलनीत खोली मिळायची, आणि खोलीत नळ. घरातल्या घरात नळ! लग्न होऊन आल्यापासून ती कालव्यावरून हंडे वाहत होती, तिच्या मानेलाच विचारा नळ म्हणजे काय ते.

त्याच साली सामंतसाहेब नवे इंजिनिअर म्हणून आले. मुंबईत शिकलेला हुशार माणूस, पण चाचणीच्या पहिल्याच दिवशी ओरडला, "बस, विझवा भट्टी!" बहिरूनं कानांवर हात ठेवले. "आसं बोलू नाय साहेब. वाढवा म्हना." साहेब म्हणाले, "मला विझवायचीय, आणि तू वाढवा काय म्हणतोस?" पुढचे आठ दिवस साहेब म्हणायचे 'विझवा' आणि बहिरू म्हणायचा 'वाढवा म्हना'. शेवटी साहेबांनी हात जोडले, बहिरूला वाटलं समजलं.

मग मोळीचा दिवस उजाडला. कारखान्याचे चेअरमन उसाची पहिली मोळी गव्हाणीच्या पट्ट्यावर टाकणार, ती सरकत चरकात जाणार, भोंगा होणार आणि हंगाम सुरू. मांडव घातलेला, बँड आलेला, नाशिकहून पाहुणे आलेले. अकराला दहा मिनिटं कमी असताना साहेबांनी वरून काटा पाहिला. दाब जरा कमी होता. कठड्यावरून वाकून ते जीव खाऊन ओरडले, "बहिरू, भट्टी वाढवा! लवकर!"

बहिरूचा ऊर भरून आला. साहेब सुधारला! एवढ्या गर्दीत, एवढ्या घाईत, पण शब्द कसा शुभ वापरला बघा! ऐन मुहूर्ताला भट्टी का बंद करायची, हा प्रश्न मनात आला नाही असं नाही. पण शिकलेल्या माणसाला काहीतरी दिसलं असेल. "साहेबांचा हुकूम हाय रं," तो म्हणाला, आणि चौघांनी मिळून पाच मिनिटांत सगळा निखारा बाहेर ओढून वर पाणी मारलं. काम चोख.

तिकडं चेअरमननी मोळी टाकली. मोळी पडली ती पडलीच. टाळ्या वाजल्या, बँड वाजला, गव्हाण जागची हलेना. भोंग्यानं करडू ओरडावं तसा आवाज काढला आणि गप्प झाला. पाहुण्यांना भाषणाआधीच जेवायला बसवावं लागलं. ऊस चरकात गेला तो दुपारचे तीन वाजून गेल्यावर.

संध्याकाळी चेअरमनच्या खोलीत बहिरूची पेशी झाली. साहेब लालबुंद होऊन शेजारी उभे.

"साहेब काय म्हणाले तुला?" चेअरमननी विचारलं.

"भट्टी वाढवा म्हनले."

"मग तू काय केलंस?"

"वाढवली की."

चेअरमन टेंभेवाडीचेच. त्यांनी एकदा साहेबांकडं पाहिलं, एकदा बहिरूकडं, आणि झटकन खिडकीकडं तोंड फिरवलं. त्यांचे खांदे गदागदा हलत होते. बहिरूला वाटलं, संतापानं. "जा तू. कळवू," ते कसेबसे म्हणाले.

तो सबंध हंगाम बहिरूनं मान खाली घालून काढला. यादीतलं नाव गेलंच म्हणायचं, असं त्याच्या मनानं घेतलं. घरी त्यानं काही सांगितलं नाही, पण असल्या गोष्टी गावात झाकून राहतात होय? ठमाबाईला सगळं ठाऊक होतं. तिनं नळाचं नाव काढणं बंद केलं. संध्याकाळी ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जायची, तेवढं मात्र सोडलं नाही.

एप्रिलात शेवटची गाडी रिकामी झाली आणि बहिरूच्या हातात एक कागद पडला. त्याला वाचता येत नव्हतं. हजेरी लिहिणाऱ्या पुंजानं कागद घेतला, चष्मा लावला आणि वाचलं, "आपली हंगामी सेवा वाढविण्यात आली असून..." तेवढ्यात फोन वाजला आणि पुंजा कागद तिथंच ठेवून आत पळाला.

बहिरूनं कागद उचलला. पुढचं ऐकायचं काय राहिलं होतं? सेवा वाढवली. चेअरमन भला माणूस, अभद्र शब्द वापरला नाही. त्यानं फावडं कोपऱ्यात ठेवलं, थंड भट्टीच्या दाराला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि सरळ घराची वाट धरली.

ठमाबाई दारात शेळीला उसाच्या शेंड्यांचं वाढं टाकत होती. "काय झालं वो?"

बहिरू ओट्यावर बसला. नेहमीचा शब्द तोंडाशी आला, पण आज जीभ वळेना. तो एकदम म्हणाला, "विझली, ठमे. नोकरी विझली."

ठमाबाईच्या हातातला वाढ्याचा भारा गळून पडला. सासू गेली त्या दिवशीही या माणसानं हा शब्द उच्चारला नव्हता. तिनं त्याच्या हातातला कागद ओढला आणि उंबऱ्यावर बसून बोट लावून वाचू लागली. एकेका अक्षराला शेळीनं एकेक पान खाल्लं असेल. "आ-प-ली... हं-गा-मी... से-वा... वा-ढ-वि..."

"तेच तं. वाढवली," बहिरू म्हणाला.

"गप बसा. फुडं लिव्हलंय." बोट सरकलं. "ण्या-त... आ-ली... अ-सू-न... आ-प-णा-स... का... य... म..." बोट थांबलं. तिनं ती अक्षरं पुन्हा लावली, मग पुन्हा. "कायम! आवं, कायम केलंय तुमाला!"

ठमाबाईला हसू आलं, रडू आलं आणि शेवटी रागच आला. "शुभ बोल नाऱ्या म्हनावं तं ह्यो मांडवालाच आग लावतो! उभ्या जन्मात येकदाच अभद्र बोलला, आन् तेबी खोटं!"

बहिरू उठला आणि आत गेला. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना, म्हणून ठमाबाईनं डोकावून पाहिलं. तो चुलीपुढं उकिडवा बसला होता. "चुकलो, माये," असं पुटपुटत निखाऱ्याला फुंकर घालत होता.