आक्काच्या माश्या

माणसाला चारचौघांत मान खाली घालायला लावण्यात आमच्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, हात धरणारं कोल्हापूर जिल्ह्यात कुणी झालं नाही आणि होणारही नाही. इतरांच्या बहिणी भावाची लाज राखतात. आमच्या आक्कानं माझी लाज केळ्यांच्या गाड्यांवर उधळली. शाहूपुरीत माझं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, चार माणसं ओळखतात. अशा माणसाची प्राध्यापक बहीण भर बाजारात केळीवाल्याला म्हणणार, "ही पिवळी नकोत, आतली काळी पडलेली काढ की." तो बिचारा सडकी केळी गाडीखाली लपवून ठेवायचा आणि ही वाकून नेमकी तीच ओढून काढायची. एकदा त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पावणं, घरात काय अडचन हाय काय?" मी काय सांगणार कपाळ? बहीण पीएच.डी. आहे आणि ती माश्या पाळते, हे सांगण्यापेक्षा अडचण आहे म्हणणंच मला बरं वाटलं.

माश्या म्हणजे घरातल्या नव्हेत. पिकल्या फळावर घोंगावणारी ती तांबड्या डोळ्यांची चिलटं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काचेच्या बाटल्यांत, मक्याचं पीठ, गूळ आणि तीच काळी केळी शिजवून केलेल्या खळीवर आक्का त्यांना वाढवायची आणि बाटलीला कापसाचा बोळा लावायची. थंडीत गारठतील म्हणून एस.टी.त बाटली पदराखाली धरून बसायची. शेजारच्या बाईनं आत बाळ आहे असं समजून चौकशी केली, तर मोकळ्या मनानं बाटलीच काढून दाखवायची. शिरोळला चुलतभावाच्या लग्नात तर कहर झाला. पंगतीत नवरीच्या मामांनी सहज विचारलं, की तुमचं संशोधन कशावर. आक्कानं त्यांच्या पानातली टम्म फुगलेली पुरी उचलली. माशीचा पंख म्हणजे एकावर एक चिकटलेले दोन पातळ पदर, ती सांगू लागली. पेशींच्या अंगावर एकमेकींना धरून ठेवणारी प्रथिनं असतात आणि ती कशी बनवायची हे जनुकात असतं. तो जनुक बिघडला की पदर सुटतात, मधे पाणी भरतं आणि पंख असा फुगतो. असं म्हणून तिनं पुरीत बोट घालून ती फोडली. मामा पुन्हा पुरीला शिवले नाहीत आणि मी पानावरून डोकं वर काढलं नाही. अंड्यातून अळी, अळीतून माशी, हा सगळा खेळ पेशीनं कुणाला धरायचं आणि कधी सोडायचं याचाच आहे, असं ती म्हणायची. तसल्या फुगक्या पंखांच्या माश्यांचा एक वंश तिच्या हातून निघाला होता. तो दुसरीकडे कुठंच नव्हता, एकदा तुटला की संपला, आणि तिचं सगळं काम त्याच्यावर उभं होतं. सण असो की अंगात ताप असो, त्यांना वेळच्या वेळी नव्या बाटलीत हलवायला ती जायचीच.

आता यातली गोम अशी, की आम्ही जैन. आमच्यात पाणी गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवतात, कांदा-बटाटा घरात येत नाही. दिव्याभोवती किडे जमले तर आव्वा, म्हणजे आमची आई, दिवा बंद करून अंधारात बसायची. आणि आक्का हे सगळं आव्वापेक्षाही कडक पाळायची. समाजातल्या कुणी बहीण काय करते म्हणून विचारलं, की 'कॉलेजात शिकवते' म्हणून मी लगेच उसाच्या दराचा विषय काढायचो. बघून झाल्यावर त्या माश्यांचं पुढं काय होतं, हे मी कधी तिला विचारलं नाही. आव्वानंही विचारलं नसावं, असं मी धरून चाललो होतो.

एका वर्षी पर्युषणात कॉलेजात वायरिंगचं काम निघालं, म्हणून आक्कानं सगळ्या बाटल्या घरी आणून मागच्या परड्यात फळीवर मांडल्या. पर्युषण संपलं की आमच्यात क्षमावाणी असते. लोक एकमेकांच्या घरी जातात आणि वर्षभरात कळत नकळत जे चुकलं त्याबद्दल हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात. त्या सकाळी आक्का देवळात गेली होती. मी परड्यात आलो तर आव्वा एकेक बोळा उपसून बाटल्या फरशीवर आडव्या करत होती. धड पंखांच्या माश्या केव्हाच गेल्या होत्या. फुगक्या पंखांच्या तेवढ्या फरशीवरून चालत होत्या. तेवढ्यात आक्का आली. पदर खोचून खाली बसली आणि माझ्या हातात एक रबरी नळी दिली. तोंडानं माशी नळीत ओढायची आणि बाटलीत फुंकायची. मधे जाळी आहे, पोटात जाणार नाही, म्हणाली. मग मी, शाहूपुरीतला व्यापारी, पूजेचं पांढरं धोतर नेसून फरशीवर रांगत तोंडानं माश्या ओढू लागलो. आणि आमच्या देवळाचे अध्यक्ष नेमके तेव्हाच, सहकुटुंब, उत्तम क्षमा म्हणायला परड्याच्या दारात उभे राहिले. मी तोंडात नळी ठेवूनच हात जोडले. आक्कानं मान वर न करता त्यांना सांगितलं, की तिथंच थांबा, पायाखाली बघा. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी त्या क्षणी आनंदानं गेलो असतो. वंश मात्र वाचला. उडता येत नव्हतं, म्हणून वाचला.

पाहुणे गेल्यावर आक्का आव्वासमोर बसली. पंगतीत दुसऱ्याच्या पानातली पुरी फोडणारी ही बाई, पण तिला मान वर करवेना.

"आव्वा, बघून झालं की मी त्या मारते," ती म्हणाली. "स्पिरिटात टाकते. बिघडवलेल्या माश्या बाहेर सोडून चालत न्हाय. तुला सांगायची लाज वाटत हुती."

"ठाऊक हाय की मला," आव्वा म्हणाली. "किती वर्सं तुझ्या पातळाला त्येचा वास येतोय. म्हणून तर सोडल्या. तुझ्या वाटणीचं पाप तेवढंच कमी हुईल म्हटलं. तुझं काम बुडंल, हे ध्यानात आलं न्हाय बघ माझ्या."

"काम मी थांबवणार न्हाय, आव्वा."

"थांबव म्हटलं कुणी?" असं म्हणून आव्वानं पोटच्या लेकीपुढं हात जोडले. आक्कानं ते जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. मी नळी घेऊन शेजारी उभा. सडक्या केळ्यांपायी मी वर्षानुवर्षं लाजून मरत होतो, आणि आक्का काय पोटात घेऊन जगत होती त्याचा मला पत्ताच नव्हता. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

आव्वा आता नाही. आक्का निवृत्त झाली, तिचा वंश वारणानगरच्या एका विद्यार्थिनीकडे गेला. त्यातली एक बाटली तेवढी आक्कानं घरी ठेवलीय. तिच्यावर कसला प्रयोग नाही. त्यातली माशी म्हातारी होऊन आपल्या मरणानं मरते. क्षमावाणीला आक्का पहिले हात त्या बाटलीपुढं जोडते, मग आम्हाला. आता तिचे गुडघे धरलेत, बाजारात जाणं होत नाही, त्यामुळं केळी मीच आणतो. तो केळीवालाही थकलाय, पण विसरलेला नाही. आजूबाजूला ओळखीची चार माणसं उभी असतात आणि हा मोठ्यानं विचारतो, "काय पावणं, अडचन अजून हाय व्हय?" मी 'हाय' म्हणतो आणि गाडीखालची काळी केळी काढायला खाली वाकतो.