मुराळी आणि बहिणीची नखं

डोकं तापलं की माझे कान बंद होतात, असं आई म्हणायची. खोटं नव्हतं ते.

लग्नानंतरची बहिणीची पहिली पंचमी. तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून मी घाटनांदूरहून केजजवळच्या तिच्या सासरी गेलो. ती दारात आली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही डोळे सुजून मिटलेले, पापण्या लालबुंद, गालांवर चट्टे.

"कुणी मारलं?"

"कुणी न्हाई, दादा. नखांनं झालंय. पंचमीसाठी केजात पार्लरमधी बसवून घेतली." तिनं लांब गुलाबी नखं पुढं केली.

नखं बोटाला आणि सूज डोळ्याला! मार खाल्लेल्या बायका असलंच काहीतरी सांगतात, हे मला पक्कं माहीत होतं.

माझ्या पायांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन दाजी वाकले होते. तोच हिसकून मी त्यांच्या तोंडावर हाणला. पुढचा दात तुटून उंबऱ्यावर पडला. ते कोसळले तरी मी लाथा घालत राहिलो, बरगडीत, पाठीत, बसेल तिथं. मुराळ्यावर हात उचलायचा नाही म्हणून त्यांनी नुसतं डोकं झाकलं. बहीण मधे पडली, तिलाही ढकललं. त्या वेळी मला लई बरं वाटत होतं, लपवत नाही.

माराचा दाखला घ्यायला तिला तशीच अंबाजोगाईला नेली. डॉक्टरांनी आधी बोटंच पाहिली. नखांभोवतीची कातडी फाटून ओली झाली होती. "नखांच्या जेलची ॲलर्जी आहे," ते म्हणाले. "हेच हात डोळ्यांना लागतात, पापण्या सुजतात. माराची खूण कुठंच नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. नखं काढली, औषध लावलं, आठवड्यात तिचे डोळे उघडले. तिला सासरी सोडायला गेलो तेव्हा दाजींचे पाय धरले. टाके घातलेल्या ओठांनी ते "जाऊ द्या" म्हणाले.

बहीण मात्र फाटकापर्यंत आली. "त्यांनी माफ केलं, म्या न्हाई. यापुढं मुराळी म्हणून येऊ नको."

"कावून गं? चुकलो म्हणलं की."

"सुजलेला डोळा दिसला की नवऱ्यानंच मारलं, हे तुला कसं सुचलं रे? वहिनीचा बघून?"

घरी पोचलो. बायको पाय धुवायला पाणी घेऊन दारात उभी होती. मला तिच्या डोळ्यांकडं बघवेना.